चोवीस तितर आणि चार काडतुसं

११ डिसेंबर, गुरुवार

प्रिय सर्किस,

तू पाठवलेली फोटोची चौकट मंगळवारी मिळाली. पेटी उघडायला मला हातोडी लागली, इतक्या बंदोबस्तात पाठवली होतीस. काच शाबूत आहे, सोनेरी कड कुठे खरवडलेली नाही. दिवाणखान्यात आईच्या फोटोशेजारी लावायची, असं तू चिठ्ठीत लिहिलं आहेस. मी ती लावलेली नाही. कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे आणि ती आल्याचं बाबांना सांगितलेलंही नाही. हे तुला फोनवर सांगून मोकळं व्हावं असं आधी वाटलं होतं. पण फोनवर तू हसतोस, "हियाम, तू अजून मास्तरीणच गं," म्हणतोस, आणि माझं बोलणं तिथेच विरघळतं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

मी फार रागावले आहे. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुठे माझी भाषा सौम्य वाटली तर तू तिचा भलता अर्थ काढणार नाहीस. याआधीचे तीन कागद फाडले. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या. दुसऱ्यात उपदेश होता. तिसऱ्यात मी स्वतःला साफ निर्दोष ठरवून टाकलं होतं, आणि तो सगळ्यात वाईट होता.

चौकटीत घातल्यावर फोटो देखणा दिसतो, हे मला मान्य केलं पाहिजे. अक्रोडाच्या झाडाखाली बाबा खुर्चीत बसलेत, मांडीवर दुनळी बंदूक आडवी. पुढ्यात डोंगरी तितर, आठ-आठांच्या तीन ओळी, सगळ्यांच्या लाल चोची बंदुकीच्या नळीकडे. मागे तू, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून. खाली इंटरनेटवर लिहिलं होतंस तेच सोनेरी अक्षरांत कोरून घेतलं आहेस: "माझे वडील, वय एकोणऐंशी. एक सकाळ, चोवीस तितर." सिडनीतल्या किती लोकांनी त्याखाली शाबासकी दिली हे तू मला दर दोन दिवसांनी कळवत होतास. इकडच्या लोकांनी काय म्हटलं ते मी तुला कळवलं नाही. ते आता कळवते.

पण त्याआधी एक विचारू? पक्षी मांडायची आपल्याकडची रीत तू खरोखर विसरला आहेस का? की आठवत असूनही तिकडच्या लोकांसाठी ती गैरसोयीची वाटली? संत बार्बाराच्या सणानंतरच्या रविवारपासून दर रविवारी प्रार्थना आटोपून सगळे वरच्या खळ्यावर जमतात, प्रत्येक जण आपलं फडकं अंथरतो, शेजारी आपली बंदूक ठेवतो, आणि आपण स्वतः मारलेले पक्षीच त्यावर मांडतो. एक असो की सात. बाबांच्या बरोबरीच्या शलीताने एका वर्षी नुसतं रिकामं फडकं अंथरलं होतं आणि त्यामागे ताठ उभं राहून फोटो काढून घेतला होता. तो फोटो अजून त्याच्या घरात आहे. बाबा काय म्हणायचे ते तुला आठवत असेलच, कारण आई त्यांना दर वेळी गप्प करायची: "दुसऱ्याने मारलेला पक्षी आपल्या पुढ्यात ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोशेजारी बसून लग्नाचा फोटो काढणं."

मी नऊ वर्षांची असताना माझ्याकडे कापसाचं काम होतं. चोचीत कापसाचा बोळा घालायचा, म्हणजे फडक्यावर रक्त ठिबकत नाही. छातीवरची पिसं ओल्या बोटाने सारखी करायची. अंगठ्याने डोळे मिटायचे. मला ते काम मनापासून नकोसं वाटे. पक्षी अजून कोमट असायचे. तुला मात्र ओळ सरळ लावण्याचा नाद होता, तू वाकून एक डोळा मिटून बघायचास. मला शिकार आवडत नाही हे गावाला ठाऊक आहे. मी शाळेत मुलांना पक्ष्यांची नावं शिकवते आणि त्यांचे बाप रविवारी तेच पक्षी ओळीने मांडतात. मागच्या वर्षी बाबांचा दोस्त तन्नूस मला म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्यामुळे माझा नातू आता मारण्याआधी पक्ष्याचं नाव विचारतो, तोवर पक्षी सीरियात पोहोचतो." तेव्हा आज शिकाऱ्यांच्या अब्रूची बाजू घेऊन मी पत्र लिहायला बसावं, यात काहीतरी चमत्कारिक आहे. हे मला कळतं. पक्ष्यांसाठी मी एवढं लांबलचक पत्र कधी कुणाला लिहिलं नाही. याचाही मी विचार करते आहे.

खळ्यावरची बाबांची ती खुर्ची तुला आठवत असेल. एकाच तितरावर दोघांचे बार पडले की पक्षी बाबांच्या हातात यायचा. ते पिसं उलटी फिरवून छर्रे कोणत्या बाजूने शिरले ते बघायचे, कोण कुठल्या खडकाशी उभं होतं ते विचारायचे आणि सांगून टाकायचे, "हा याचा." चाळीस वर्षांत त्यावर कुणी दुसरा शब्द काढला नाही. तू सतरा वर्षांचा असताना तुझा पहिला तितर असाच तन्नूसच्या तितराशी अडकला होता. बाबांनी पाहिलं आणि तो तन्नूसला दिला. तन्नूस म्हणत होता, "अरे, पोराला दे, मला काय करायचाय!" बाबा म्हणाले, "पोराला द्यायचा तर तुझ्या घरी नेऊन वाढ. इथे तो तुझा आहे." तू तीन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतास. हे मी आत्ता आठवणीतून लिहीत नाही, तेव्हाच्या माझ्या वहीत आहे. त्या वहीत असंही आहे की मला बाबांचा राग आला होता आणि मी माझ्या वाटचा पुदिन्याचा भात तुला दिला होता. चोवीस हा आकडा तुझ्या डोक्यात त्या दिवशीच शिरला असेल का, असा विचार परवा माझ्या मनात आला. तुझी बाजू मला दिसते, सर्किस. ती दिसते म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो.

बाबांची मधली नजर गेली त्याला आता तीन वर्षं झाली. समोरच्याचं तोंड त्यांना दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून ते मान वळवून तिरकं बघतात. तेव्हा गावाने खुर्ची काढून घेतली नाही. बाबा पिसांखाली बोटं घालून सांगू लागले. छर्रा कुठे शिरला, हाड कुठे मोडलं, पक्षी जुना की यंदाचा, पायाच्या नख्या खडकावर किती झिजल्या आहेत, हे सगळं त्यांच्या बोटांना कळतं. शलीता बाबांबद्दल म्हणायचा, "आता तर अबू सर्किसला लाचही देता येत नाही, तोंडच दिसत नाही त्याला कुणाचं." आणि त्या बोटांपुढे तू जाळीच्या खुराड्यात वाढलेले चोवीस तितर मांडलेस.

नऊ नोव्हेंबरची सकाळ. तू बाबांना हाताला धरून वरच्या उतारावर नेलंस. मी स्वयंपाकघरात किब्बेचं मांस कुटत होते. दोन बार ऐकू आले, बऱ्याच वेळाने आणखी दोन. तुझा ओरडा इथपर्यंत येत होता, "पडला बाबा! अजून एक पडला!" मी वहीत लिहिलंय: चार बार. मग खालच्या रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने तुम्ही दोघे उतरून आलात तर तुझ्या दोन्ही खांद्यांवर भरलेल्या पिशव्या. तू अक्रोडाखाली खुर्ची ठेवलीस, ओळी लावायला बसलास आणि मला हाक मारलीस, "हियाम, तुझा कापूस आण गं!" आपण दोघेही हसलो. मी कापूस आणला. एकाही चोचीतून थेंब आला नाही. बोळे कोरडेच राहिले. एकाच्या मानेला हात लावला तर ती सुतळीसारखी फिरली. शेपट्यांची पिसं जाळीला घासून फाटलेली, नख्या लांब आणि स्वच्छ, जन्मात दगडावर पाय न ठेवलेल्या. मी जीवशास्त्र शिकवते. मला एका क्षणात कळलं. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास आणि ओठांवर बोट ठेवलंस.

आणि मी तुझा फोन हातात घेऊन फोटो काढला. हे कुणी दुसऱ्याने केलेलं नाही. तू अकरा वर्षांनी आला होतास. आईच्या मातीलाही आला नव्हतास. तू हसत होतास आणि मला वाटलं, आज कशाला. शिकार हा माझा विषयच नाही, यांचं यांना बघू दे, असंही वाटलं. पहिलं कारण प्रेमाचं होतं, दुसरं आढ्यतेचं. कुठलं जास्त होतं ते मी महिनाभर स्वतःला विचारते आहे, उत्तर रोज बदलतं.

त्या वेळी मी एक गोष्ट पाहिली. तू पाहिली नाहीस, कारण तू मागे उभा राहून पोट आत घेत होतास. बाबांनी डावा हात खाली सोडला आणि पहिल्या ओळीतल्या एका तितराचा पाय धरला. बोटं नख्यांवरून फिरली. थांबली. मग त्यांनी हात उचलून पुन्हा बंदुकीवर ठेवला. तू म्हणालास, "बाबा, हसा की! राजे दिसताय!" आणि ते हसले. तेवढ्यात मी बटण दाबलं. आता ती चौकट बघ. डाव्या हाताची मूठ कशी घट्ट मिटलेली आहे ते बघ. तू तो फोटो किती मोठा करून घेतलास, मग ही मूठ तुला कशी दिसली नाही?

तू गेल्यानंतर चौथ्या दिवशी गावात हसायला सुरुवात झाली. तू इंटरनेटवर टाकलेला फोटो तिकडून कुणाच्या भाच्याने इकडे पाठवला. इथल्या म्हाताऱ्यांना फोनवर प्रार्थनेची वेळ बघता येत नाही, पण फोटो दोन बोटांनी मोठा करून तितराची नखी बघता येते. तन्नूस कॉफीच्या दुकानात म्हणाला, "अबू सर्किसने बंदूक नेलीच नव्हती. नुसती एक शिवी हासडली आणि चोवीस पडले." शलीता म्हणाला, "शिवी कशाला? म्हाताऱ्याला बघून हसून हसून मेले असतील. अंगावर छर्रा कुठाय?" बेकरीत बाबा रांगेत उभे होते तेव्हा मागून कुणीतरी कोंबडीला बोलावतात तसा आवाज काढला. सगळे खुसखुसले. बाबांनी तिरकी मान करून पाहिलं, पण कोण ते त्यांना दिसणार कसं? भाकरी घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, "उद्यापासून भाकरी तू आणत जा." तन्नूसच्या ओसरीवर ते रोज सकाळी कॉफी प्यायचे. ते बंद झालं. पन्नास वर्षांची कॉफी होती ती.

गावात बाबांना त्यांच्या नावाने कोण हाक मारतं? कुणीही नाही. तू जन्मलास त्या दिवसापासून ते अबू सर्किस, सर्किसचा बाप. तेव्हा चेष्टा झाली तीसुद्धा तुझ्याच नावाने झाली. तू सिडनीत फरशा विकत होतास आणि इथे बेकरीत लोक तुझं नाव घेऊन हसत होते.

मला वाटत होतं की बाबांना हे कळू नये. मी वेडी. एका दुपारी आम्ही दोघे शेगडीशी चेस्टनट भाजत बसलो होतो. त्यांनी कोटाच्या खिशातून झाडलेल्या काडतुसांची चार नळकांडी काढली आणि टेबलावर एकापुढे एक उभी केली. म्हणाले, "हियाम, तुझ्या भावाला मोजता येत नाही का गं?" मी शेगडीवरचे चेस्टनट उलटे केले. ते म्हणाले, "आंधळा समजला, ठीक आहे, आहेच मी आंधळा. पण मी बहिरा कधी झालो? चार बार माझ्याच खांद्याला लागले की." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात? त्यांनी एक चेस्टनट सोलला, तो हाताला चटका देत होता तरी सोलला. "अकरा वर्षांनी आला होता. नातवंडांना दाखवायला न्यायचा होता त्याला. म्हटलं, एका फोटोने माझं काय जातंय." आणि टरफल शेगडीत टाकून म्हणाले, "गेलं."

मी म्हटलं, मी तन्नूसला जाऊन सगळं सांगते. त्यावर ते माझ्यावर इतके ओरडले की अंगणातलं मांजर पळालं. "माझ्या मुलाला चार लोकांत खोटारडा म्हणशील? तुझ्या तोंडाने? बस खाली!" मी बसले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षं वर्गात उभी राहून बोलणारी, मी खाली बसले.

मधली थोडी बातमी देते, नाहीतर तू म्हणशील की हियामला भांडणापलीकडे काही सुचत नाही. ऑलिव्ह यंदा कमी आले, पण तेल चांगलं आहे. शाळेतली शेगडी पुन्हा धूर करते. तुझ्या धाकट्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर बाहीपर्यंत आला आहे. तुझ्या मुलांचा यात काही दोष नाही, म्हणून स्वेटर पुरा होईल.

आता गेल्या रविवारचं. बाबा खळ्यावर येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण त्यांनी सकाळी दाढी केली, लग्नातला कोट घातला आणि म्हणाले, "चल." मी कॉफीचं भांडं आणि कप घेऊन त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी फडकं आणलं नव्हतं, बंदूकही नव्हती. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले. लोक नमस्कार करून गेले, नेहमीपेक्षा थोडे जास्तच आदराने, आणि जास्तीचा आदर किती वाईट असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. फडकी अंथरली, पक्षी मांडले. मग तंटा निघालाच, निघतोच. शलीताचा जावई आणि बेकरीवाल्याचा भाऊ, दोघांचा एकाच तितरावर दावा. पक्षी घेऊन शलीताचा जावई चालत आला, बाबांच्या खुर्चीपर्यंत आला आणि पुढे गेला. त्याने तो तन्नूसच्या हातात दिला. बाबांनी आपला हात पुढे केलेला होता, तळवा वर. बूट पुढे गेल्याचं त्यांना ऐकू आलं असणार. त्यांनी हात हळूच मांडीवर आणून ठेवला, जणू फक्त गुडघा चोळायचा होता.

ज्या तन्नूसवर मी महिनाभर चिडले होते, त्या माणसाने पुढे जे केलं ते तुला नीट सांगितलं पाहिजे. तो तितर हातात धरून बाबांपुढे आला. म्हणाला, "अबू सर्किस, माझं गुडघ्याचं दुखणं आहे, मला फार वेळ उभं करू नकोस. आम्हांला काय दिसत नाही..." आणि जीभ चावली. मग म्हणाला, "हे सगळं त्या तुझ्या ऑस्ट्रेलियावाल्याने केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पोरगा आहे, केलं. तू फक्त एवढं म्हण की मुलाने केलं. एवढंच म्हण. हा घे पक्षी, बघ आणि सांग कुणाचा. मला यातलं काय कळतंय?" आणि त्याने पक्षी बाबांच्या हातापाशी धरला. खळ्यावर कुणी हललं नाही. त्या लोकांना बाबा परत हवे होते, सर्किस. महिनाभर हसले ते, पण आता त्यांना हसून झालं होतं आणि सगळे त्या एका वाक्याची वाट बघत होते.

बाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मुलाने नाही. मीच मागवले. मरायच्या आधी एक मोठा फोटो हवा होता मला. सर्किसला वाटलं खरेच मारलेत. त्याला काही माहीत नव्हतं." तन्नूस हळू म्हणाला, "अरे, असं नको करू." बाबा म्हणाले, "तुला सांगितलं ना, मीच मागवले. आता माझ्याकडे पक्षी आणू नका. ज्याने असं केलं त्याच्या बोटांवर विश्वास ठेवू नये." आणि ते खुर्चीपासून बाजूला झाले. तन्नूसने टोपी काढली, मृताला बघून काढतात तशी. त्या तितराचा निकाल लागलाच नाही. ते दोघे भांडणारे आपापल्या फडक्यापाशी परत गेले.

मी तिथे कॉफीचं भांडं धरून उभी होते. मला खरं माहीत होतं, आणि मी कपांत कॉफी ओतत राहिले. ज्या माणसाने चाळीस वर्षांत त्या जागी उभं राहून एक शब्द खोटा काढला नाही, तो तिथेच, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा खोटं बोलला, आणि तुझ्यासाठी बोलला. दुपारी घरी पोहोचलो तोच तुझा फोन आला. तू विचारलंस, "काय बाबा, खळ्यावर माझ्या फोटोची चर्चा झाली की नाही?" ते म्हणाले, "झाली तर! सगळे तोंड भरून बोलत होते. तन्नूसने तर टोपी काढली." तू केवढ्याने हसलास. फोन त्यांच्या कानाशी मी धरला होता.

हे पत्र मी त्यांच्या नकळत लिहीत आहे आणि त्यांनी मला मनाई केलेली आहे. मी खळ्यावर जाऊन खरं सांगू शकते, पायी दहा मिनिटांचं अंतर आहे. पण मी सांगितलं तर मी माझ्या बापाला त्या फोटोनंतर दुसऱ्यांदा खोटं पाडते, तेही जे खोटं तो मुलाचं नाव वाचवायला बोलला ते. तन्नूसही गप्प बसला आहे, त्याला सगळं कळलेलं असून. हे फक्त तुलाच बोलता येतं. माझ्या त्या दिवशीच्या गप्प बसण्याची भरपाई मी तुझ्याकडून करून घेते आहे का, असं तू विचारशील, तर हो, थोडं तसंही आहे, आणि फोटो मी काढला हे मीही खळ्यावर तुझ्याशेजारी उभी राहून सांगेन. फोटो इंटरनेटवरून काढून टाकू नकोस, लोक म्हणतील लपवला. मला तुझे पैसे नकोत, डॉक्टर नको, नवा चष्मा नको. हंगाम संपेपर्यंत दर रविवारी प्रार्थनेनंतर ते सगळे खळ्यावर असतात, आणि खुर्ची अजून रिकामी आहे, तन्नूस तीत बसायला तयार नाही. शलीताची सून सोमवारी सिडनीला निघते, तिच्या हाती हे पाकीट देते. म्हणजे येत्या रविवारी तू नेहमीप्रमाणे फोन करशील, बाबा पुन्हा हसून खोटं बोलतील, आणि मी फोन धरून उभी राहीन. तेवढं एकदा मी सोसते. त्यानंतरच्या रविवारी फोन करू नकोस, सर्किस. ये.

तुझीच बहीण,
हियाम